तीनशे चौदा नोंदी

गुरुवारी सकाळी शिकवणारीने वर्गाच्या प्रकल्पाचा इतिहास भिंतीवरच्या पडद्यावर उघडला आणि वरपासून खालपर्यंत दोनदा चाळला.

पडद्यावर तीनशे चौदा नोंदी होत्या. एकाखाली एक, तारीखवार, सुबक. आणि तीनशे चौदाच्या तीनशे चौदा एकाच बाईच्या नावावर.

सोमवारी परीक्षा होती. परीक्षक बाहेरून येणार होते आणि त्यांचा नियम सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता: प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर किमान वीस नोंदी हव्यात. वीस भरल्या तर पास, नाही तर नापास, मग प्रोग्रॅम कितीही झकास चालो. पास होणाऱ्या प्रत्येकाला नदीपलीकडच्या एका कंपनीने कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. दुसरी तुकडी निघणार नव्हती. वर्गात पंधरा जण होते, आणि पडद्यावर जे दिसत होतं त्याप्रमाणे त्यांतले चौदा आत्ताच घरी जायला मोकळे होते.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

पंधराच्या पंधरा माणसं आपापल्या कीबोर्डकडे बघू लागली.

हा वर्ग कॉलेजातल्या पोरांचा नव्हता. गेल्या वर्षी कुलपांचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्यातल्या काही जणांना नवं काहीतरी शिकवून मार्गी लावावं म्हणून एका संस्थेने हा चार महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग काढला होता. किल्ल्या कापणारा होता, त्याला सगळे किल्लीवालाच म्हणत. पितळ घासून चकचकीत करणारा पॉलिशवाला होता. पॅकिंग खात्यातली एक होती, जिचे हात बोलण्यापेक्षा जलद चालत. गोदामवाले काका होते, जे माउस असा दाबून धरत की जणू सोडला तर टेबलाखाली पळून जाईल. प्रकल्पही त्यांनीच निवडला होता. कुलपाचा नंबर घातला की त्याची किल्ली कुठली, सुटे भाग कुठे, तेल कधी घालायचं, सगळं सांगणारा प्रोग्रॅम. पंधरा जणांनी मिळून एकच लिहायचा, प्रत्येकाने आपापला तुकडा.

आता पंधरा जणांचे हात एकाच कामात पडणार म्हटल्यावर व्हर्जन कंट्रोल आलंच. कोणी बदललं, कधी बदललं, काय बदललं आणि का बदललं, याची नोंद ठेवणारी ही व्यवस्था. चुकलं तर जुन्या नोंदीवर परत जाता येतं. दोघांनी एकाच ओळीत हात घातला, तर ती थांबते आणि विचारते, बाबांनो, कोणाचं ठेवू? तिने दहा वर्षं नोकरीत हे रोज केलं होतं. तिच्या मते जगात याहून सोपं काही नव्हतं, आणि शिकवताना नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. सोपी गोष्ट समोरच्याला कळत नाही हे पाहिलं की तिचं टाळकं सरकायचं. रोज सकाळी वर्गात शिरताना ती स्वतःला बजावायची, आज आवाज चढवायचा नाही. साधारण सव्वाअकरापर्यंत ते टिकायचं.

पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं होतं की बदल केला की नोंद करा, आणि नोंदीत बदलाचं कारण लिहा. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या नोंदींत एकच शब्द होता: सुधारणा. सुधारणा, सुधारणा, सुधारणा. "अहो, प्रत्येकाला आपण केलेला बदल म्हणजे सुधारणाच वाटते," ती कपाळावर हात मारून म्हणाली होती. "बिघडवायला कोण बदल करतं? काय केलंत आणि का केलंत ते लिहा. 'सुधारणा' हा शब्द या वर्गात मला पुन्हा दिसता कामा नये." त्यानंतर तिने त्या सरावाच्या नोंदी पुसून कोरी पाटी करून दिली होती आणि खऱ्या प्रकल्पाला सुरुवात झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात ती दुपार उगवली. पॉलिशवाला आणि पॅकिंगमधली, दोघांनी एकाच ओळीत बदल केला होता. व्यवस्थेने रीतसर थांबून विचारलं, कोणाचं ठेवू? म्हणजे त्या व्यवस्थेने फाइलीत दोघांच्या ओळी घातल्या आणि मध्ये बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांची रांग लावली. पॉलिशवाल्याने ती रांग पाहिली आणि "व्हायरस!" म्हणून बोंब ठोकली. किल्लीवाल्याने मदत म्हणून यंत्राची वायरच उपटली. गोदामवाले काका उठून दाराशी जाऊन उभे राहिले. पॅकिंगमधलीला वाटलं, आपण सगळ्यांचं काम बुडवलं, आणि ती रडायलाच लागली.

तेव्हा शिकवणारी भडकली. जिभेला हाड नसल्यासारखी बोलली. "तीन आठवडे मी कानीकपाळी ओरडतेय! हे भांडण नाही, प्रश्न आहे, साधा प्रश्न! ज्याला जमत नसेल त्याने हात लावू नका याला! एकदाच सांगते, हात लावू नका!"

संध्याकाळी त्या गोंधळातल्या नोंदी पुसून पुन्हा कोरी पाटी करताना तिला वाईट वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून वर्ग इतका सुरळीत चालू लागला, की वाईट वाटायचं कारणच उरलं नाही. बाणांची रांग पुन्हा कोणाच्या पडद्यावर आली नाही. शुक्रवारी ती प्रोग्रॅम चालवून पाही, तर नवीन तुकडे जागच्या जागी बसलेले असत. कोपऱ्यात नोंदींचा आकडा दर आठवड्याला वाढलेला असे. शंभर, दीडशे, अडीचशे. संचालकांना तो आकडा ती छाती फुगवून सांगायची.

आणि आज हे.

"कोणीतरी बोला," ती म्हणाली. सव्वाअकरा व्हायला अजून अवकाश होता, पण आवाज चढला होता. "माझ्याशी थट्टा चाललीय का?"

शेवटी किल्लीवाला उभा राहिला. "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात."

"मी? मी काय म्हणाले होते?"

"ज्याला जमत नाही त्याने हात लावू नका. आम्हाला जमत नव्हतं. मग आम्ही नाही लावला. ज्यांना जमत होतं त्यांनी लावला." आणि त्याने दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या जागेकडे बोट केलं.

त्या जागेवर जावकबाई बसल्या होत्या.

कारखान्यात त्यांचं हेच नाव होतं. आवक-जावक खात्यात सत्तावीस वर्षं. बाहेरून आलेला कागद त्यांच्या रजिस्टरात चढल्याशिवाय आत जायचा नाही, आणि आतला कागद चढल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. मालकांचा का असेना. कारखाना बंद झाल्याची नोटीससुद्धा त्यांनी आधी नोंदवून घेतली, क्रमांक टाकला आणि मगच फाटकावर लावू दिली, असं सगळे सांगत. वर्गात त्या शिकवणारीला न चुकता "मॅडम" म्हणत आणि "तुम्ही" म्हणत. घरी त्या तिला "अगं ए" म्हणत, कारण त्या तिची सख्खी मावशी होत्या आणि कारखान्याची खोली सुटल्यापासून तिच्याच घरी राहत होत्या.

मग सगळं बाहेर आलं. त्या दुपारनंतर पॉलिशवाला आपलं काम पेन ड्राइव्हवर घालून जावकबाईंच्या टेबलाशी गेला होता. तेवढं चढवून द्याल का? त्यांनी चढवून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी तिघं आले. आठवड्याभरात चार वाजता त्यांच्या टेबलापुढे रांग लागू लागली. जो तो आपला पेन ड्राइव्ह देई, त्या विचारत, काय केलंस, का केलंस, आणि नीट सांगता आलं तरच दाखल करून घेत. नाही सांगता आलं तर पेन ड्राइव्ह परत. बाणांची रांग आली की दोघांना बोलावून घेत आणि तुमचं तुम्ही ठरवा, तोवर मी दाखल करणार नाही, असं सांगत. कारखान्यात जसं चाललं तसंच इथेही चाललं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण वर्गात बसलोय की कारखान्यात, याचा फरक पडावा असं त्यांना वाटलंच नाही.

आणि चार वाजता मॅडम कुठे असायच्या? तर खाली संचालकांच्या खोलीत, वर्गाची प्रगती सांगत.

तिने एक नोंद उघडली. मग दुसरी. मग तिसरी.

"पॉलिशवाले यांजकडून दुपारी ४.१० वाजता प्राप्त. शोधण्याचे बटण दुरुस्त केले आहे. कारण: दाबल्यावर काहीच होत नव्हते. दाखल केले."

"गोदाम यांजकडून प्राप्त. सुट्या भागांची यादी उलट क्रमाने येत होती ती सरळ केली. आधी दोनदा परत पाठवले होते, आता बरोबर आहे. दाखल केले."

"किल्लीवाला यांजकडून प्राप्त. एक रिकामी ओळ घातली आहे. कारण विचारले, बरे दिसते असे सांगितले. दाखल केले."

दहा वर्षांच्या नोकरीत इतक्या नीट नोंदी तिने पाहिल्या नव्हत्या. मोठमोठे पगारदार लोक "चूक काढली" एवढं लिहून मोकळे होत. आणि इथे प्रत्येक बदल, त्याचा धनी, त्याची वेळ, त्याचं कारण. फक्त नाव चुकीचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती नेमकी कोणावर काढावी ते कळेना, म्हणून ती सर्वांत जवळच्या माणसावर निघाली.

"मावशी, अगं काय करून ठेवलंस तू हे!" वर्गात ती कधी मावशी म्हणत नसे. "चौदा माणसं नापास होतील! तुला एकदाही वाटलं नाही की आपल्या नावावर दुसऱ्याचं काम चढतंय?"

जावकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, आमच्या रजिस्टरला दोन रकाने असायचे. कागद कोणाचा, आणि दाखल केला कोणी. तुमच्या यंत्रात मला एकच दिसला. म्हणून दुसरा रकाना मी मजकुरात लिहीत गेले. दोन रकाने असतात का तुमच्याकडे?"

ओरडता ओरडता ती पडद्यावरच्या नोंदीकडे वळली. असतात. अगदी सुरुवातीपासून असतात. प्रत्येक नोंदीला दोन नावं असतात, काम ज्याने केलं त्याचं एक आणि दाखल ज्याने केलं त्याचं दुसरं. नेहमी ती एकच असतात, म्हणून तिने ते शिकवलंच नव्हतं. नवशिक्यांना कशाला उगाच घोळ, असं तिचं मत होतं.

तिने बाहेर जिन्यात जाऊन परीक्षकांना फोन लावला आणि झाला प्रकार न लपवता सांगितला. झालेला इतिहास मागाहून बदलायचा नाही, असं वर्गाला तिनेच बजावलेलं होतं, म्हणून विचारताना तिला लाज वाटली.

"मूळ काम कोणाचं ते मला हवं," परीक्षक म्हणाले. कोरडा आवाज. "दाखल कोणी केलं याच्याशी मला घेणंदेणं नाही. कोणाचं काम कुठलं, याला आधार आहे?"

"प्रत्येक नोंदीत लिहिलेलं आहे."

"मग नावं दुरुस्त करा. दुरुस्त केलीत असं स्पष्ट लिहून ठेवा, लपवू नका. आणि बाई, वीस म्हणजे वीस. एकोणीस घेऊन माझ्यासमोर कोणी उभं राहू नये."

गुरुवारची दुपार आणि अख्खा शुक्रवार त्यात गेला. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो नोंदीतलं "यांजकडून" वाचून ते काम त्या त्या माणसाच्या नावावर करी. मग एकेकाला शेजारी बसवून प्रत्येक नोंद तपासून घेतली. हे तुमचंच ना? हो मॅडम. हेही? हो. शुक्रवारी पाचला आकडे आले. पॅकिंगमधली सव्वीस. पॉलिशवाला चोवीस. गोदामवाले काका एकवीस. किल्लीवाला बरोबर वीस, तीसुद्धा त्या रिकाम्या ओळी धरून. चौदाच्या चौदा सुटले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी तर तिचा हात हातात घेऊन हलवला.

यादीच्या तळाशी अजून एक ओळ होती. जावकबाई: तीन.

टाळ्या थांबल्या. मावशीने वाकून तो आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सुरुवातीच्या तीन. त्यानंतर माझं राहूनच गेलं."

घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. मावशीच्या वाट्याला कुलपाला तेल कधी घालायचं ते काढणारा तुकडा आला होता. सकाळी परत पाठवलेल्यांना समजावण्यात वेळ जाई, चारनंतर रांग. आज करीन, उद्या करीन, करता करता तीन महिने गेले.

"तू मला घरी तरी सांगायचंस," ती म्हणाली. "एका टेबलावर जेवतो आपण!"

"वर्गातलं घरी आणायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस. पहिल्याच दिवशी." मावशीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "ते जाऊ दे. सतरा कमी पडतात. दोन दिवस आहेत. मला पास व्हायचंय गं. चौपन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण दारात उभं करणार आहे? आणि मला पुन्हा कुठेतरी सकाळी नऊला पोचायचंय, उशीर झाला म्हणून जीव वरखाली व्हायला पाहिजे माझा. तू फक्त सांग, लिहून देऊ नकोस."

शनिवार आणि रविवार मावशीने त्या खुर्चीत काढले. एक एक बदल, एक एक नोंद. महिन्यांचे दिवस मोजण्यात ती अडकली, सहा महिने पुढे गेलं की प्रोग्रॅम एकतीस जून दाखवू लागला. मावशी चूक शोधे, सुधारी, नोंद करी, आणि नोंदीत खरं कारण लिही: "माझीच चूक. जूनमध्ये एकतीस दिवस धरले होते." समोर बसून ते बघताना भाचीचे हात शिवशिवत होते. दोन मिनिटांचं काम मावशी पाऊण तास करत होती. सांगायचं फक्त, लिहून द्यायचं नाही. ती उठे, पाणी पिई, पुन्हा बसे, पुन्हा उठे. शिकवण्याइतका छळ दुसऱ्या कशात नसेल, असं तिला त्या दोन दिवसांत मनापासून वाटलं. रविवारी झोपण्यापूर्वी आकडा झाला चौदा. तुकडाही चालू लागला होता. तेलाची तारीख बरोबर येत होती.

"आता यात करण्यासारखं काही उरलं नाही," मावशी म्हणाली.

"अगं, सहा कमी आहेत."

"माहीत आहे. पण काम संपलं."

"मग तुकडे पाड. एखाद्या नावाची अक्षरं बदल, नोंद कर. परत पहिल्यासारखी कर, नोंद कर. रिकामी ओळ घाल. किल्लीवाल्याने काय केलं? अर्ध्या तासात सहा होतील!"

हे आपण बोलतोय याचं तिलाच आश्चर्य वाटलं, पण बोलून गेली होती. मावशीने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला.

"किल्लीवाल्याचा कागद किल्लीवाल्याचा होता. तो त्याने आणला, मी दाखल केला. मी कागद नसताना नोंद कशी करू? सत्तावीस वर्षांत केली नाही."

"तत्त्व घेऊन बस मग घरी!"

"बसेन," मावशी म्हणाली आणि दिवा मालवायला उठली. "उद्या परीक्षकांना सांगेन, काम पूर्ण आहे, नोंदी चौदा आहेत. बघू ते काय म्हणतात."

ते काय म्हणणार हे तिला माहीत होतं. वीस म्हणजे वीस.

सोमवारी सकाळी सात वाजता मावशी आंघोळीला गेली. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. त्यात नोंदींसाठी मावशीचंच नाव घातलेलं होतं. न्हाणीघरात पाणी पडायला लागलं तशी ती खुर्चीत बसली. एक रिकामी ओळ घातली. नोंदीच्या चौकटीत कारण मागणारी रेघ लुकलुकत होती. कारण काय लिहायचं तिला सुचेना. परीक्षक काय एकेक ओळ वाचत बसणार आहेत, ते आकडा बघतील, असं तिने स्वतःला समजावलं. मग तिने "सुधारणा" लिहिलं. ओळ काढली, पुन्हा "सुधारणा". अशा सहा. तिच्या दहा वर्षांच्या नोकरीतल्या सर्वांत जलद सहा नोंदी. पाणी बंद झालं तेव्हा ती उभी राहून चहा गाळत होती.

परीक्षक साडेनऊला आले. बारीक, ताठ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आणि त्यांनी एकेक ओळ वाचली. वर्गाच्या पडद्यावर, मोठ्याने, एका माणसाच्या वीस-वीस नोंदी. गोदामवाल्या काकांना त्यांनी विचारलं, ही यादी उलटी का येत होती? काकांनी न अडखळता सांगितलं, कारण ते त्यांना जावकबाईंच्या टेबलाशी तीनदा सांगावं लागलं होतं. पॅकिंगमधलीने आपली ओळ न् ओळ समजावली. किल्लीवाल्याच्या रिकाम्या ओळींशी परीक्षक क्षणभर थांबले, नाक मुरडलं, पण नियम आकड्याचा होता. तोही पास. चौदाही पास. तिला सुटल्यासारखं वाटलं, पण अजून एक नाव राहिलं होतं.

"शेवटच्या," परीक्षक म्हणाले. "एकूण वीस."

मावशीने मान वर केली.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या तीन. मग शनिवारच्या, मग रविवारच्या. जूनच्या एकतीस तारखेपाशी ते चक्क हसले. "छान लिहिता तुम्ही. मला वर्षात एखादाच असा माणूस भेटतो." मग पुढे. "सोमवार, सात वाजून सहा मिनिटं. सुधारणा. सात वाजून सात मिनिटं. सुधारणा. सात वाजून..."

"साहेब, थांबा जरा," मावशी म्हणाली. "या माझ्या नाहीत."

"तुमच्या नावावर आहेत."

"असतील. पण माझ्या नाहीत. सात वाजून सहा मिनिटांनी मी आंघोळीला होते."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मग कोणाच्या आहेत?"

"ते मी सांगणार नाही. माझ्या नाहीत, एवढं लिहा."

मावशीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. वर्ग मात्र पाहत होता. पंख्याखाली, फळ्याशेजारी ती उभी होती, आणि फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तिच्याच अक्षरांत लिहिलेलं होतं: आपलं काम, आपलं नाव, खरं कारण.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. "त्या सहा नोंदी मी केल्या."

परीक्षकांनी पेन पुन्हा उचललं. "आणि तुम्ही हे शिकवता," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं पडताळून बघितल्यासारखं. मग त्यांनी आपल्या कागदावर वीसच्या आकड्यावर रेघ मारली, चौदा आकडा लिहिला आणि त्यापुढे नापास. मावशीला कागद दाखवला. मावशीने तो नीट वाचला, तारीख बरोबर आहे ना ते पाहिलं आणि सही केली.

चौदा जण नदीपलीकडे कधी रुजू व्हायचं ते विचारायला खाली संचालकांच्या खोलीत गेले. पॅकिंगमधली जाता जाता मावशीच्या गळ्यात पडली आणि काही न बोलता पळाली. वर्गात दोघीच उरल्या. मावशी टेबल आवरत होती. वहीत वही, पेनाला टोपण.

"मावशी, मला वाटलं तू पास व्हावंस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता. "तुझ्यासाठी केलं मी. वर्गात ज्या एकीला हे कळलं होतं ती तू, आणि तूच नापास. मला नाही सहन झालं."

"रडू नकोस. नापास मी झालेय, मला वाईट वाटू दे जरा." मावशीने पिशवी खांद्याला लावली. "आमचे साहेब दुसरं काही करोत न करोत, रोज संध्याकाळी रजिस्टर उघडून बघत आणि खाली सही करत. मला वाटायचं, तूही बघत असशील. बघत असशील आणि चाललंय ते बरोबर आहे, म्हणून गप्प असशील. पहिल्या आठवड्यात बघितलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतंस, मावशी, हे असं नसतं. मी रांग बंद केली असती. माझं काम केलं असतं."

तिने फळ्याशेजारची खुर्ची ओढून घेतली.

"तीन महिन्यांत तू ते एकदाही उघडून वाचलं नाहीस," मावशी म्हणाली. "आणि त्यात लिहिलंस, ते माझ्या नावाने खोटं."

मग ती जिना उतरून गेली. पडद्यावर मावशीच्या नावापुढच्या वीस नोंदी अजून तशाच होत्या.